सासऱ्यांना ओव्हरटेक केलं तेव्हा

माझ्या लग्नाला पंधरा वर्षं झाली. या पंधरा वर्षांत मी सासऱ्यांच्या पुढे एकदाच गेले, आणि तेही चारचाकीत. घरात तो विषय अजून निघतो. पाहुणे आले की सासूबाई सांगतात, सासरे दुरुस्त्या करतात, आणि मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत जाऊन हसून घेते. आज मात्र सगळं माझ्या बाजूने सांगून टाकते. दुरुस्त्या करायला इथे कोणी नाही.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणते, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. मामाजी भातकुलीच्या एका शाळेत ड्रिलचे मास्तर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण रांग काही त्यांच्या अंगातून गेली नाही. पिठाच्या गिरणीत डब्यांची रांग वाकडी दिसली की ते पायाने सरळ करतात. एकदा एका लग्नात जिलबीच्या टेबलाभोवती गर्दी झाली, तर यांनी आपली प्लेट खाली ठेवली आणि वऱ्हाडातल्या चाळीस माणसांना उंचीप्रमाणे उभं केलं. यजमान आधी गांगरले, मग त्यांनीच यांना तिथे खुर्ची आणून दिली. रांगेत मधे घुसणारा माणूस मामाजींच्या लेखी चोरापेक्षा वाईट. "चोराले निदान लाज असते, लपून करते," असं त्यांचं म्हणणं.

आता माझं. मी गाडी शिकले छत्तिसाव्या वर्षी. वलगाव रोडवर एक चाचा क्लास चालवायचे, त्यांच्याकडे. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, आणि मांडीवर नेहमी एक टॉवेल. शिकणाऱ्याने जोरात ब्रेक मारला की ते त्या टॉवेलने स्वतःचं कपाळ पुसायचे. एकदा उड्डाणपुलाच्या कामाजवळ रस्ता दोनाचा एक होत होता. मी लांबूनच घाबरून डाव्या रांगेच्या शेपटाला जाऊन उभी राहिले. चाचांनी विचारलं, "काहून थांबल्या, बाई?"

"रांग आहे ना, चाचा."

"मंग बाजूचा पट्टा काय कपडे वाळू घालाले ठेवला? खाली हाये तोवर त्याच्यात चालायचं. जिथं खतम होते तिथं एक उनकी, एक आपली. घाबरायचं नायी आन् घुसायचं बी नायी."

घाबरायचं नाही आणि घुसायचंही नाही. गाडी शिकताना ऐकलेलं बाकी सगळं मी विसरले असेन, हे वाक्य नाही विसरले. पुढे जे झालं त्यात वाक्याचा दोष नव्हता, पहिला अर्धा भाग मी जरा जास्तच मनावर घेतला, एवढंच.

धाकट्या दिराचा साखरपुडा ठरला तो अकोल्याला. मुलगी तिकडची. हिवाळ्याचे दिवस, रविवार, बाराच्या आसपासचा मुहूर्त. आम्ही अमरावतीहून दोन गाड्या काढल्या. पुढच्या पांढऱ्या गाडीत माझा नवरा चालवायला, शेजारी मामाजी आणि मागे नवरदेव. मागच्या गाडीत मी चालवायला, शेजारी सासूबाई, आणि मागे नांदगाव खंडेश्वरला दिलेली नणंद. तिच्या दोन्ही बाजूंना परातीच पराती. नवरीची साडी, ओटीचं सामान, सुका मेवा, पेढे, चकचकीत कागदात बांधलेले नारळ. नवरीला घालायची अंगठी सासूबाईंच्या पर्समध्ये, आणि पर्स त्यांच्या मांडीवर दोन्ही हातांत धरलेली. थोडक्यात, साखरपुड्याला लागणारं सगळं आमच्या गाडीत होतं. पुढच्या गाडीत फक्त पुरुष होते.

मूर्तिजापूर मागे पडलं आणि पाचेक किलोमीटरवर गाड्या थबकल्या. पुढे एका पुलाचं काम चालू होतं. "उजवी लेन बंद" असा बोर्ड, त्याच्यावर बाण. पूल अजून बराच पुढे होता, पण ट्रकवाले एकामागे एक डावीकडे लागले होते, त्यांच्या मागे कारवाले, त्यांच्या मागे आम्ही. उजवी लेन पुलापर्यंत मोकळी. दर दोन मिनिटांनी एखादी गाडी त्या मोकळ्या लेनमधून झपकन पुढे जायची आणि रांगेतले सगळे काचा खाली करून तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

आमच्या आणि मामाजींच्या गाडीमध्ये चार गाड्या होत्या. मला मागून त्यांचा हात दिसत होता. दर वेळी कोणी उजवीकडून गेलं की तो हात खिडकीबाहेर यायचा आणि बोट नाचवायचा.

अर्धा तास झाला. आम्ही दोन बाभळी ओलांडल्या. अकोल्याहून फोन आला, "कुठवर आले?" सासूबाई म्हणाल्या, "हे काय, आलोच." फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या.

"अवं, तो बाजूचा रस्ता खाली हाये ना?"

"हो, आई."

"मंग आपन इथं काय करून राह्यलो?"

"पुढे मामाजी आहेत."

सासूबाईंनी पुढच्या गाडीकडे पाहिलं. खिडकीबाहेर नाचणाऱ्या बोटाकडे पाहिलं. मग मांडीवरच्या पर्सकडे पाहिलं. "मुहूर्त काय त्यायच्यासाठी थांबनार हाये?" त्या म्हणाल्या.

मी त्यांना चाचांचं शास्त्र सांगितलं. की शेवटपर्यंत मोकळ्या लेनमधून जायचं, आणि जिथे रस्ता एक होतो तिथे एक याची, एक त्याची. त्यात लबाडी नाही, उलट रांग अर्धी होते. नणंद मागून म्हणाली, "वहिनी, मले तर पटलं." सासूबाईंना पटलं की नाही ते कळलं नाही, पण त्यांनी एक गोष्ट केली. वीस वर्षांत ज्या बाईने डोक्यावरून पदर घेतला नव्हता, तिने तो घेतला आणि नाकापर्यंत ओढला.

"आता काढ," पदराच्या आतून आवाज आला. "लवकर काढ."

मी इंडिकेटर दिला आणि काढली. खरं सांगायचं तर मजा आली. अर्धा तास मुंगीसारखं सरकल्यावर मोकळा रस्ता पायाखाली आला की पाय आपोआप दाबला जातो. एक, दोन, तीन, चार गाड्या मागे पडल्या आणि पांढरी गाडी शेजारी आली. मी समोर बघायचं ठरवलं होतं, तरी नजर गेलीच. नवऱ्याने आधी मला ओळखलं आणि त्याचा जबडा खाली आला. त्याच्या पलीकडून मामाजी वाकून कोण निर्लज्ज आहे ते बघत होते. बोट खिडकीतून बाहेर निघालेलंच होतं. त्यांनी मला पाहिलं. बोट तसंच हवेत राहिलं.

"पाह्यलं का वं त्यायनं?" पदरातून प्रश्न आला.

"पाहिलं."

"मले ओळखलं का?"

"आई, या गाडीत दुसरं कोण असणार?"

त्यावर पदर खाली आला. म्हणे, आता गुदमरून काय फायदा.

पुलापाशी लाल-पांढरे शंकू लावून उजवी लेन बंद केली होती. तिथवर जाऊन मी थांबले आणि डावा इंडिकेटर लावला. चाचांच्या हिशेबाने आता एक गाडी जायची आणि मग आमचा नंबर. शेजारी संत्र्यांनी भरलेला ट्रक होता. तो गेला की आपण, असं मी मनात म्हटलं. तो पुढे सरकला, पण त्याच्या मागचा दुसरा संत्र्याचा ट्रक त्याला असा चिकटून आला की मधे सुईसुद्धा गेली नसती. सासूबाईंनी काच खाली केली.

"दादा, जाऊ दे ना. पोराचा साखरपुडा हाये."

ड्रायव्हरने वरून खाली पाहिलं. "मावशी, आमी दीड घंट्यापासून लायनीत हाओत. आमी काय येडे हाओत?"

"तसं नायी. एक तुमची, एक आमची, असा नियम हाये म्हन्ते माही सून."

"बराबर हाये. एक आमची," त्याने पुढच्या ट्रककडे बोट केलं, "आन् हे बी आमचीच." आणि गेला.

त्याच्या मागून एक टेम्पो. त्याने आमच्याकडे बघितलंच नाही. मग एक निळी कार, तिच्यातल्या बाईने हात जोडून माफी मागितली आणि गाडी मात्र पुढे घेतली. इंडिकेटर टिकटिक करत होता. नियम पाळायला दोन माणसं लागतात, हे चाचांनी सांगितलं नव्हतं.

अशीच ती रांग आमच्या शेजारून पाऊण तास सरकत राहिली, आणि मग पांढरी गाडी आली.

माझा जीव भांड्यात पडला. घरचीच गाडी, चालवणारा घरचाच माणूस. नवऱ्याने गती कमी केली, जागा ठेवली, मला हाताने "ये" म्हणाला. मी गिअर टाकला. तेवढ्यात मामाजींचा डावा हात डॅशबोर्डवर आपटला. काचा बंद होत्या, पण ओठांवरून शब्द स्पष्ट वाचता आला. "चल." नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. इतक्या वर्षांचा संसार एका बाजूला आणि ड्रिलच्या मास्तरांचं घर दुसऱ्या बाजूला, असा तो तीन सेकंद अडकला. मग डोळे मिटल्यासारखा चेहरा करून निघून गेला. मागच्या सीटवरून नवरदेवाने आम्हाला टाटा केला. ज्याच्या साखरपुड्याची अंगठी आमच्याकडे होती तो नवरदेव, टाटा करत गेला!

नणंद मागे पोट धरून हसत होती. पराती हलत होत्या. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी त्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या काचेकडे असं पाहिलं, की मामाजींचं पुढच्या आठवड्याचं जेवण मला डोळ्यांसमोर दिसलं.

शेवटी आम्हाला आत घेतलं ते एका एसटीच्या ड्रायव्हरने. बस थांबवली, दोन बोटं हलवली, झालं. मी हात वर करून त्याचे आभार मानले. तो कंटाळलेला होता, पण न्यायाने वागला.

अकोल्याच्या सभागृहाच्या दारात मामाजी उभे होते, डोक्यावर गुलाबी फेटा, हातात घड्याळ. पाहुणे फेटे बांधून, गुलाबपाणी शिंपडून तयार. ते आमच्या आधी वीस मिनिटं पोचले होते आणि त्या वीस मिनिटांत त्यांना काहीच करता आलं नव्हतं, कारण अंगठी नव्हती, साडी नव्हती, नारळसुद्धा नव्हता. मुहूर्त हुकला नाही, पण अगदी काठावर गाठला. अंगठ्या घातल्या, पेढे भरवले, फोटो झाले. त्या सगळ्या वेळात मामाजी आणि सासूबाई एकमेकांच्या शेजारी उभे होते, आणि फोटोत दोघं दोन वेगळ्या दिशांना बघताना दिसतात.

जेवायला बसल्यावर नव्या व्याह्यांनी सहज विचारलं, "रस्त्यानं काय तरास झाला का मास्तर?"

हे व्याही म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. बुटके, काळेसावळे, बोलायच्या आधी थोडं थांबणारे.

"तरास रस्त्यानं नायी देला," सासूबाई म्हणाल्या. "यायनंच आमाले घुसू नायी देलं."

"घुसू नायी देलं, हेच म्हनून राह्यलो ना मी!" मामाजींनी जिलबी खाली ठेवली. "सून माही लाडाची हाये. पन लायन मोडून घुसली. मी काय सुनेसाठी वेगळा कायदा करू?"

नव्या सोयऱ्यांच्या पहिल्याच पंगतीत असं भांडण. वाढणारे थांबले. मी मठ्ठ्याच्या ग्लासात बघत राहिले. व्याह्यांची पंचाईत झाली होती, कारण आज कोणालाही दुखवून चालणार नव्हतं. ते थोडं थांबले आणि म्हणाले, "मास्तर, राग नका मानू. आमच्या धंद्यातली गोष्ट हाये म्हनून सांगतो. रस्ता दोन पट्ट्याचा हाये तर दोन्हीकडं गाड्या पायजेत. एकच लायन लावली की ते दुप्पट लांबते, मागच्या फाट्यावर जाऊन बसते, मंग तिथले लोकं अडकतात ज्यायचा पुलाशी काई संबंध नायी. जिथं रस्ता खतम, तिथं एक याची, एक त्याची. सून तुमची बराबर हाये."

मी मान वर केली.

"पन ताई," ते माझ्याकडे वळले, "लायन थांबून हाये, आन् तुमी बाजूनं किती स्पीडनं गेल्या?"

मी जरा कमी करून सांगितलं. "चाळीस असेल."

"साठ होती," नणंद म्हणाली. नणंद ती नणंदच.

"इथं तुमचं चुकलं. थांबलेल्या मानसाच्या कानाजवळून साठनं गेलं की त्याले वाटते आपल्याले येड्यात काढलं. मंग तो जागा देत नायी. त्यायच्या बरोबरीनं, हळूहळू जायचं. एवढंच."

पाहुण्यांना हसू आलं, मलाही आलं. मामाजींना नाही आलं. "हे लबाडीचं गनित हाये," ते म्हणाले. "आधी आला तो आधी गेला पायजे. लायन म्हंजे लायन."

तेव्हा नणंद म्हणाली, "बाबा, प्रार्थना झाली की हॉलमधून आमाले तुमी कसे सोडत होते?" ती त्यांच्याच शाळेत शिकलेली.

"कसे म्हंजे? शिस्तीत."

"नायी, दरवाजा एक, आन् लायनी दोन. पोट्ट्यायची एक, पोरीयची एक. मंग?"

मामाजींनी उचललेला पुरीचा घास तोंडाशी नेला आणि तो तिथेच राहिला. "मंग... एक या लायनीतला, एक त्या लायनीतली," असं म्हणता म्हणता त्यांचा आवाज हळू होत गेला.

 व्याह्यांनी सभ्यपणाने पानाकडे बघितलं. सासूबाईंनी मात्र वाढप्याला हाक मारून मामाजींच्या पानात आणखी एक जिलबी वाढायला लावली. जिंकलेलं माणूस असं उदार होतं.

"ते वेगळं," शेवटी मामाजी म्हणाले.

"काहून वेगळं?"

"तिथं मी उभा होतो."

परत निघालो तेव्हा साडेचार झाले होते. बोरगाव मंजू ओलांडलं, कुरणखेड मागे टाकलं, आणि पुलाच्या अलीकडे पुन्हा तेच. येतानाच्या बाजूलाही उजवी लेन बंद केली होती. पुन्हा डावीकडे लांबलचक रांग, पुन्हा खिडक्यांतून शिव्या. या वेळी मी पांढऱ्या गाडीच्या लगेच मागे, शहाण्यासारखी उभी होते. हॉर्न ऐकून ऐकून कान किटले. पुढच्या गाडीचं डावं दार उघडलं आणि मामाजी उतरले.

अंगात सफारी, डोक्यावर अजून तो गुलाबी फेटा, कपाळावर कुंकवाचा आडवा टिळा. ते माझ्याकडे आले. मी काच खाली केली.

"उजवीकडं घे," ते म्हणाले. "हळू. त्यायच्या बरोबरीनं. तुह्या मागं बाकीचे येतीन."

"आणि तुम्ही?"

ते पुढे चालायला लागले. पाठ ताठ, हात मागे, तसे ते शाळेच्या मैदानावर चालत असतील.

मी उजवीकडे घेतली. माझ्या मागे एक जीप आली, मग एक ट्रॅक्टर, मग दोन-तीन कार. सगळे हळूहळू. पुलाच्या तोंडाशी पोचलो तेव्हा समोर जे दिसलं ते मी कधी विसरणार नाही. शंकूंच्या पुढे मामाजी उभे. एक तळहात डावीकडच्या ट्रकला, एक तळहात उजवीकडच्या कारला. कामावरचा एक मजूर आपला हिरवा झेंडा त्यांच्या हातात देऊन बाजूला बिडी पीत बसला होता.

"एक इकून!" मामाजी ओरडले. ट्रक गेला. "एक तिकून!" कार गेली. "तू नायी! तुहा नंबर मागून! मागं हो! आखीन मागं!"

काळ्या काचांची एक मोठी गाडी दुसऱ्याच्या पाठीला चिकटून निघायला बघत होती. मामाजी तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि बॉनेटवर दोन्ही हात ठेवले. काच खाली गेली, आतून कोणीतरी विचारलं, "तुम्ही कोण?"

"तुले कोन पायजे?" मामाजी म्हणाले. "पह्यले हे भाऊ जाईन, मंग तू."

आणि ती गाडी थांबली! फेट्यामुळे असेल, टिळ्यामुळे असेल, आवाजामुळे असेल. माझ्या डावीकडचा ट्रकवाला आपल्या क्लीनरला विचारत होता, "कोन हाये हा बुढा?" क्लीनर म्हणाला, "रोडचा साहेब असन." "नायी बे, नवरदेवाचा बाप दिसते." दोन्ही अंदाज थोडे थोडे बरोबर होते.

आमचा नंबर आला. मामाजींनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मला जन्मात कधी पाहिलं नाही. तळहात हलवला. "चला, चला. थांबू नका."

"मामाजी, बसा ना," मी म्हटलं.

"गाडी थांबवू नको वं! मागं लायन लागली!"

सासूबाई पर्सवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत होत्या. मी गाडी पुढे घेतली. मामाजी माझ्या नवऱ्याच्या गाडीत बसतील, असं मी धरलं. मागून येणाऱ्या नवऱ्याचा नंबर आला तेव्हा ते एका ट्रकच्या आड कोणाला तरी मागे हटवत होते, त्याला दिसले नाहीत, म्हणून त्याने धरलं की ते माझ्या गाडीत बसले. पुलावर एकच लेन, थांबायला जागा नाही. मूर्तिजापूरच्या अलीकडे एका चहाच्या टपरीवर आम्ही दोन्ही गाड्या लावल्या, उतरलो, एकमेकांकडे बघितलं.

"बाबा कुठं हायेत?" नणंदेने विचारलं.

सासूबाईंनी दोन्ही गाड्यांत वाकून पाहिलं, मागच्या सीटच्या खालीसुद्धा पाहिलं. मग त्या मटकन बाकड्यावर बसल्या आणि पहिल्यांदाच त्या दिवशी मोठ्याने हसल्या. "सोडून आलो वं माय! नवऱ्याले रस्त्यावर सोडून आलो!" मामाजींना फोन लावला तर तो सासूबाईंच्याच पर्समध्ये वाजला.

नवरा आणि दीर आणायला परत गेले. रस्त्याच्या मधोमध दुभाजक, म्हणून आधी अकोल्याच्या बाजूने जावं लागलं, तिकडचा जाम सोसावा लागला. पुलाजवळ पलीकडे बाप दिसला. यांनी हाका मारल्या. त्यांनी झेंडा हलवून सांगितलं, "तिकून फिरून लायनीत या!" मग पुढे कुरणखेडपर्यंत जाऊन वळायचं, पुन्हा रांग धरायची. नवरा सांगतो की शंकूपाशी पोचल्यावरही बापाने त्याच्या आधी एक मोटरसायकल आणि एक कडब्याची गाडी सोडली. मग झेंडा मजुराच्या हातात परत दिला, त्याला दोनदा करून दाखवलं, तिसऱ्यांदा त्याच्याकडून करून घेतलं, आणि मगच गाडीत बसले.

तोवर आम्ही तीन वेळा चहा प्यालो होतो आणि अंधार पडायला लागला होता. मामाजी उतरले ते घसा बसलेले, फेटा एका कानावर, सफारीवर धूळ, आणि सफारीचे दोन्ही खिसे फुगलेले. ट्रकवाल्यांनी त्यांना संत्री दिली होती, कोणी बिस्किटांचा पुडा दिला होता. ते आमच्याजवळ आले आणि बसक्या आवाजात म्हणाले, "दोन लायनी होत्या. एकबी भांडन नायी झालं."

सासूबाईंनी त्यांच्या हातात चहा दिला. मग फेटा सरळ करून दिला.

घरी जाताना मामाजी माझ्या गाडीत बसले, माझ्या शेजारी. सासूबाई मागे परातींमध्ये. बडनेऱ्यापर्यंत ते एकेक संत्रं सोलून मागे देत होते. मग विचारलं, "तुले हे कोनं शिकोलं?"

मी चाचांबद्दल सांगितलं. टॉवेलाचं सांगितलं, घाबरायचं नाही आणि घुसायचंही नाही, हे सांगितलं. त्यांनी ते दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

"मानूस चांगला मास्तर हाये," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "पन साठनं जायाचं काई कारन नोयतं."

माफी कोणीच कोणाची मागितली नाही. पण त्या दिवसानंतर मी गाडी चालवत असेन आणि कुठे रस्ता अरुंद होत असेल, तर मामाजी शेजारून सूचना देतात. "आता त्याले सोड. आता तू जा. त्या बाईले हात दाखव, ते भेली दिसते." कोणी दोघं एकदम घुसली तर त्यांचं बोट अजून बाहेर येतं, पण आता ते दोन्ही लेनमधल्या लोकांना समान वाटून नाचतं.

तीन महिन्यांनी दिराच्या लग्नाला आम्ही पुन्हा त्याच रस्त्याने वऱ्हाड घेऊन गेलो. मूर्तिजापूर गेल्यावर मामाजींनी चष्मा पुसला, सफारीची कॉलर नीट केली आणि सीटवर पुढे सरकून बसले. पूल आला. काम झालेलं होतं. शंकू नाहीत, बोर्ड नाही, नवं डांबर, दोन्ही लेन मोकळ्या. आमच्या सगळ्या गाड्या एका दमात पार झाल्या.

मामाजी मान वळवून मागे बघत राहिले, पूल दिसेनासा होईपर्यंत.

"इतक्या लवकर काहून केलं यायनं?" ते म्हणाले.